जामिनाआधी वजन विचारा

पोरगा गांजासह पकडला गेला की कल्याणच्या आधारवाडी तुरुंगाच्या दारात आई एकच विचारते, जामीन कधी? भगिनींनो, आधी पंचनाम्यातले वजन विचारा. अमली पदार्थ कायदा १९८५ चा. २००१ च्या दुरुस्तीपासून सारे वजनावर आले. गांजा २० किलोच्या वर, पण एमडी पावडर नुसती ५० ग्रॅमच्या वर गेली की 'व्यापारी प्रमाण'! मग कलम ३७ आडवे येते. आरोपी निर्दोष असावा आणि सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, असे न्यायाधीशांना सकारण पटावे लागते. वजन कमी असले तर जामीन सोपा, पण तोही कोर्टातूनच. हे सर्व गुन्हे अजामीनपात्र असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मंगळसूत्र गहाण टाकण्याआधी कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज द्या.