विजेवर चालणारी मोटारीची सीट : दोष कसा शोधावा?

मोटारगाडी ही आता केवळ श्रीमंतांची मिरासदारी राहिलेली नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात कुणी ना कुणी चालक आहे, कुणाचा मुलगा आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतो आहे. बटणाने पुढे-मागे सरकणारी सीट मागेच अडकून बसली, तर उंचीने कमी असलेल्या चालकाचा पाय ब्रेकपर्यंत नीट पोहोचत नाही. तेव्हा हा नुसता ऐषआरामाचा प्रश्न नव्हे. आम्ही पेशाने बँकेतले कारकून, शिक्षणाने कलाशाखेचे. तरीही हा विषय कुणालाही समजण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम रचना पाहू. बॅटरीची 12 व्होल्टची वीज फ्यूजमधून बटणाकडे येते आणि तेथून दोन तारा मोटरकडे जातात. साध्या रचनेत बटण सोडलेले असताना या दोन्ही तारा अर्थला जोडलेल्या असतात. बटण एका बाजूस दाबले की एका तारेत वीज येऊन मोटर फिरते. दुसऱ्या बाजूस दाबले की दुसऱ्या तारेत वीज येते व मोटर उलटी फिरते. पुढे गिअरमार्फत सीट रुळांवरून सरकते.

दोष शोधताना आधी सीटखाली वाकून पाहावे. बाटली, नाणे किंवा खेळणे रुळात अडकलेले असू शकते. त्यानंतर लक्षणे ओळखावीत.

1) सीटची एकही हालचाल होत नसेल, तर फ्यूज, अर्थ व सीटखालचा प्लग तपासावा.

2) एकच हालचाल बंद असेल, तर दोष बहुधा त्या हालचालीच्या बटणात, तारेत किंवा मोटरमध्ये असतो.

3) सीट पुढे जाते पण मागे येत नाही व आवाजही होत नाही, अशा वेळी मोटर चांगली असते, बटणाच्या आतील संपर्कावर संशय घ्यावा.

4) मोटरचा आवाज येतो पण सीट हलत नाही, तर गिअर झिजला असावा.

खात्रीसाठी मोटरच्या दोन तारांवर मीटर लावून बटण दाबावे. ही मोजणी प्लग जोडलेला असतानाच करावी. कारण गंजलेला सांधा भार नसताना पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो आणि भार पडताच दगा देतो. पूर्ण वीज येऊनही मोटर फिरत नसेल, तरच मोटर खराब किंवा जाम समजावी.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच आकड्याचा फ्यूज घालावा. मोठा घातल्यास तार जळून आग लागू शकते. दुसरे, सीटखालचा पिवळा प्लग बहुधा एअरबॅगचा असतो. त्यावर मीटर कधीही लावू नये. सीट काढायची असल्यास बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे.

स्थिती लक्षात ठेवणाऱ्या सीटमध्ये बटण व मोटर यांच्यामध्ये संगणकीय यंत्रणा असते. तेथे स्कॅनर असलेल्या जाणकाराकडेच जावे.

गॅरेजमध्ये कुणी "मोटर बदला" म्हणाले, तर एकच प्रश्न विचारावा : मोटरपाशी वीज पोहोचते का, ते मोजले का? या एका प्रश्नाने कष्टाचा पैसा वाचतो. विद्यार्थ्यांनीही हेच ध्यानी धरावे : आधी मोजावे, मगच पाना हाती घ्यावा.