ऐकू येते, पण कळत नाही

‘हाक मारली की वळून बघतो, म्हणजे याचे कान ठीक आहेत.’ शाळेत नेहमी काढले जाणारे हे अनुमान फसवे आहे. असे का, ते पाहू.

बोलण्यातील स्वर मोठ्या आवाजाचे व कमी कंपनसंख्येचे असतात. ‘स’सारखी व्यंजने मात्र क्षीण असतात आणि त्यांची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते. उच्च कंपनसंख्येचे ध्वनी ज्याला नीट ऐकू येत नाहीत, त्या मुलाला हाकेतला ‘आ’ स्पष्ट ऐकू येतो. पण ‘साठ’ऐवजी ‘आठ’ ऐकू येतात. गणित चुकते आणि दोष बुद्धीला दिला जातो.

दुसरे कारण लहान मुलांत फार आढळते. घशापासून मध्यकर्णापर्यंत जाणारी नळी त्यांच्यात आखूड व आडवी असते. सर्दीनंतर ती बंद झाली की मध्यकर्णात द्रव साठतो व ऐकणे मंदावते. हा त्रास कमीजास्त होतो. त्यामुळे मूल एके दिवशी नीट उत्तरे देते, दुसऱ्या दिवशी देत नाही; ते सोंग करते असे वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात २० ते ३५ डेसिबलपर्यंतची घट ‘सौम्य’ ठरते. पण वर्गात ती सौम्य राहत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ६५ डेसिबल असलेला आवाज चार मीटरवर ५३ होतो. भिंतींमुळे खोलीत ही घट थोडी कमी असते, तरी पंखे आणि शेजारच्या वर्गाचा गोंगाट यांत मागच्या बाकापर्यंत पुसटच आवाज पोहोचतो.

उशीर महागात पडतो, कारण भाषा शिकण्याचा मेंदूचा वेग पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असतो. सहा महिन्यांच्या आत दोष कळून मदत मिळालेल्या मुलांची भाषा अधिक चांगली विकसित होते, असे अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. निरोगी अंतर्कर्ण स्वतःच सूक्ष्म ध्वनी बाहेर टाकतो, हे डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये दाखवले. त्यावर आधारित चाचणी झोपलेल्या तान्ह्या बाळाचीही करता येते. परंतु काही दोष नंतर उद्भवतात, म्हणून शाळेने सावध राहायला हवे.

वारंवार ‘काय?’ विचारणे, ओठांकडे टक लावणे, शेजाऱ्याचे पाहून वही उघडणे, श्रुतलेखनात शब्दांची सुरुवात चुकणे या खुणा टिपाव्यात. मुलाच्या मागे उभे राहून हळू आवाजात ‘साठ, आठ, गाठ, पाठ’ म्हणावे व त्याला ते पुन्हा म्हणायला सांगावे. हे निदान नव्हे. शंका आल्यास श्रवणतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. मुंबईत १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे काम करते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील पथकालाही अशी मुले दाखवावीत.

तोवर मुलाला पुढे बसवावे, फळ्याकडे तोंड करून बोलू नये आणि आकडे फळ्यावर लिहावेत. ‘लक्ष देत नाही’ हा शेरा प्रगतिपुस्तकात लिहिण्यापूर्वी कान तपासले का, एवढे जरूर विचारावे.