काचेची नळी आणि २० मिनिटं

बारामती-इंदापूरच्या बागायत पट्ट्यात शेतीपंपाची वीज रात्रीची असली, की माणसं बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला निघतात. उसात उंदीर, उंदरामागे घोणस. पाचटात ती दिसत नाही. 'पान लागलं', म्हणजे साप चावला, असा निरोप घरी येतो आणि मोटारसायकल दवाखान्याकडे सुटते.

इंदापूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात असा पेशंट आला तेव्हा मी तिथं होतो. पन्नाशीचे शेतकरी, घोटा सुजलेला, दाताच्या खुणांतून रक्त झिरपतंय. भावानं पोत्यातून मेलेला साप आणलेला. डॉक्टरांनी पोतं बाहेरच ठेवायला लावलं. "काका, वर बघा. डोळे पूर्ण उघडा." पापण्या मिटत असत्या, तर संशय नाग किंवा मण्यारीवर गेला असता. त्या ठीक होत्या. सिस्टरनी दोन मिली रक्त काढून कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत सोडलं, नळी स्टँडला उभी केली आणि वेळ लिहिली.

आता २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानंच रक्त गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकमध्ये निरोगी रक्तही पातळ राहू शकतं. साबणानं धुतलेल्या नळीचाही भरवसा नाही. लाखोंची यंत्रं नसलेल्या ठिकाणी उपचाराचा निर्णय या एका नळीवर होतो, म्हणून तिच्याबाबत हयगय चालत नाही.

वेळ झाली. सिस्टरनी नळी एकदाच तिरकी केली. रक्त पाण्यासारखं काठाशी आलं, गोठलंच नव्हतं.

घोणशीचं विष रक्त गोठवणारे घटक, विशेषतः पाचवा आणि दहावा, एकाच वेळी चेतवतं. ठिकठिकाणी बारीक गुठळ्या होण्यात फायब्रिनोजेन खर्ची पडतं आणि उरलेलं रक्त गोठेनासं होतं. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं, मूत्रपिंडं धोक्यात येतात.

एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या प्रतिविषाच्या, दहा कुप्या सलाइनमधून तासाभरात द्यायच्या ठरल्या. रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रेनलिन भरून शेजारी ठेवलं. हे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच, म्हणून साप शोधण्यात वेळ घालवू नये. थोड्या वेळात भाऊ म्हणाला, "डॉक्टर, अजून एक बाटली लावा की." ते ठरणार पुढच्या नळीवर, आणि ती मात्र सहा तासांनीच. प्रतिविष विषाला आवरतं. संपलेले घटक यकृतालाच नव्यानं करावे लागतात, आणि त्याला तेवढा वेळ लागतो.

२००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, बहुतेक खेड्यांतली. मुखेडला डॉ. दिलीप पुंडे आणि नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी ग्रामीण भागातल्या रुग्णालयांतूनच या उपचाराचं काम उभं केलं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, हेही संशोधनातून पुढं आलंय. प्रतिविषासाठीचं विष मात्र मुख्यतः तमिळनाडूतून येतं. आपल्याकडच्या घोणशीवर ते किती लागू पडतं, हे आपल्याच भागात तपासायला हवं.

रजिस्टरात शेवटी 'बरा होऊन घरी' एवढंच लिहिलं जातं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन सहा महिन्यांनी किती, पाय पूर्वीसारखा चालतो का, हे त्यातून कळत नाही. बारामतीत २०१९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन तालुक्यांतल्या सर्पदंशाच्या पेशंटांचा वर्षभर पाठपुरावा तिथून व्हावा, आणि त्याची सुरुवात येत्या पावसाळ्यातच व्हावी.