खडकपूर्णेचा पूल आणि रोहिणीचे पाणी

आपल्या देऊळगाव राजापासून थोडे पुढे गेले की विदर्भ संपतो आणि मराठवाडा लागतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि त्या सीमेपलीकडे गावोगावच्या बौद्ध वस्त्या पेटल्या. पुढील वर्षी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून निघालेला लाँग मार्च आपल्याच जिल्ह्यात, खडकपूर्णेच्या पुलावर अडविण्यात आला.

एका नावाचे एवढे भय का वाटावे? प्रदेशाची ओळख पुसली जाईल, पदवीचे मोल घटेल, असे शहरात बोलले जाई. खेड्यातील दुखणे निराळे होते. १९५६ नंतर गावकीची कामे नाकारून मुलांना शाळेत धाडणारा शेजारी ताठ मानेने चालू लागला होता. विद्यापीठाची पायरी कधीही न चढलेला माणूस चिडला, तो यामुळे.

तथापि मनात भय बाळगणे वेगळे आणि शेजाऱ्याचे घर पेटविणे वेगळे. हे अंतर कसे तुटते, याचे उत्तर आम्हांस ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील रोहिणी नदीच्या प्रसंगात सापडते. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून तंटा झाला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा, असे सिद्धार्थाने सुचविले. संघाने बहुमताने युद्ध ठरविले. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव आला, तेव्हा आदल्या दिवशी युद्धाच्या विरोधात मत देणारेही गप्प बसले. सिद्धार्थ एकटाच उभा राहिला. त्या गप्प बसलेल्यांना कोलीयांचे भय नव्हते, भय होते ते स्वकीयांचे. आमच्या मते जमावाचे खरे बळ येथेच असते. पेटविणारे थोडेच असतात. ‘आपल्यात राहायचे आहे’ म्हणून मागे उभे राहणारे पुष्कळ. एसेम जोशी, बाबा आढाव यांच्यासारखे जे नामांतराच्या बाजूने बोलले, त्यांनाही स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. खेड्यातील साध्या कुणब्याला तर त्याच गावात जन्म काढायचा होता.

१४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ‘मराठवाडा’ हा शब्द नावात तसाच राहिला. कोणाची पदवीही बुडाली नाही. नांदेड जिल्ह्यातील पोचीराम कांबळे यांची हत्या होऊन तोवर पंधरा वर्षे लोटली होती.