ऑरन्से : ओहोटीचे बेट

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत बेटाची व्याख्या एका वाक्यात उरकलेली असते : चोहोंकडून पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट. अलिबागचा कुलाबा किल्ला पाहून आलेला एखादा विद्यार्थी यावर विचारील, की ओहोटीच्या वेळी जेथे पायी जाता येते ते ठिकाण बेट म्हणावे की किनारा? प्रश्न रास्त आहे. त्याचा विचार करण्यासाठी आम्ही स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज द्वीपसमूहातील ऑरन्से हे लहानसे बेट घेत आहोत. कारण त्याच्या नावातच हा प्रश्न सामावलेला आहे.

हेब्रिडीजवर नॉर्स लोकांचा अंमल इ. स. १२६६ पर्यंत होता. त्यांच्या भाषेत ओहोटीला ‘फियारा’ आणि बेटाला ‘एय’ म्हणत. या दोहोंपासून बनलेल्या एका सामासिक शब्दाचा अर्थ ‘ओहोटीच्या वेळी जमिनीला जोडले जाणारे बेट’ असा होतो, आणि ऑरन्से हे त्याचेच झिजलेले रूप होय. म्हणून त्या समुद्रात या नावाची बेटे एकाहून अधिक सापडतात. आइसलंडच्या राजधानीजवळही त्याच नावाचे एक आहे, परंतु भराव घातल्यामुळे ते आता बेट राहिलेले नाही. मूळ भाषा लोपल्यावर अर्थही विसरला गेला, आणि संत ओरान याच्यावरून हे नाव पडले असे काही जण सांगू लागले. भरती, ओहोटी, उधाण, भांग असे नेमके शब्द असलेल्या आमच्या भाषेत अशा बेटाला मात्र रूढ असा एक शब्द नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

ऑरन्सेचे क्षेत्रफळ साडेपाच चौरस किलोमीटरांहून किंचित कमी आहे. सर्वांत उंच टेकडी ९३ मीटरांची. पश्चिमेकडे शिंपल्यांच्या चुऱ्याने बनलेल्या वाळूवर गवताळ कुरणे पसरली आहेत. उत्तरेस कॉलन्से हे मोठे बेट असून दोहोंच्या मध्ये ‘स्ट्रँड’ नावाचे वाळूचे व चिखलाचे विस्तीर्ण मैदान आहे. समुद्र ओसरला की माणसे व मोटारी त्यावरून ये-जा करतात. दोन ओहोट्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्याने जाण्यायेण्याची वेळ रोज पाऊण तासाहून अधिक पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा ओहोटीही खोल जाते व वाट ऐसपैस मोकळी होते. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत ती जेमतेम उघडते. भिंतीवरच्या घड्याळाला तेथे चंद्राचे मत विचारावे लागते.

परंतु समुद्राची पातळी केवळ दिवसागणिकच बदलते असे नव्हे. सुमारे ६००० वर्षांपूर्वी तेथे समुद्र आजच्याहून उंच होता आणि ऑरन्से अधिक लहान व अधिक विलग होते. हिमयुगातील बर्फाचे ओझे उतरल्यावर जमीन सावकाश वर उचलली गेली आणि जुने किनारे कोरडे पडले. त्या जुन्या किनाऱ्यांलगत मध्याश्मयुगीन माणसांनी टाकलेल्या शिंपल्यांचे उंचवटे आहेत. १९७० नंतरच्या दशकात पॉल मेलर्स यांनी त्यांचे उत्खनन केले. त्यांत सापडलेले माशांच्या कानांतील बारीक खडे मोजले, तेव्हा त्यांच्या आकारावरून मासे वर्षाच्या कोणत्या काळात पकडले गेले हे कळले. निरनिराळ्या उंचवट्यांवरील मासेमारीचे हंगाम निरनिराळे निघाले. उकिरड्यातून दिनदर्शिका वाचण्याची ही रीत वर्गात अवश्य सांगण्याजोगी आहे.

चौदाव्या शतकात येथे ऑगस्टिनियन पंथाचा मठ स्थापन झाला. त्याचे भग्नावशेष आणि सोळाव्या शतकाच्या आरंभीचा कोरीव दगडी क्रूस आजही उभा आहे. स्ट्रँडच्या मध्यावरही एक क्रूस होता. पाठलाग होत असलेला माणूस तो ओलांडून गेला की त्याला अभय मिळे, अशी परंपरा सांगतात. पाठलाग करणाऱ्यास अडविण्याचे उरलेले काम भरती करीत असेल.

२०११ च्या जनगणनेत बेटावर केवळ ८ माणसे होती. दुकान नाही. पक्षीसंरक्षक संस्थेच्या देखरेखीखाली गुरे-मेंढ्यांची शेती चालते. उन्हाळ्यात आफ्रिकेतून येणारा कॉर्नक्रेक हा लाजाळू पक्षी उंच गवतात घरटे करतो. त्याच्या पिलांसाठी गवताची कापणी उशिरा करतात, आणि तीही शेताच्या मध्यापासून कडेकडे, म्हणजे पिलांना बाहेर पळण्यास वाट राहते.