नाव खोडले म्हणून जागा सुटत नाही

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. युनियनच्या कचेरीतील संगणक सांभाळण्याचे काम आमच्याकडे आले ते दुसरे कोणी तयार होईना म्हणून. लिनक्सवर चालणारे ते यंत्र. सभासदांची नावे, वर्गणीचा हिशेब आणि ग्रॅच्युइटीच्या दाव्यांचे कागद सारे त्यावर. एके सकाळी एका विधवा बाईंचा दावा त्यावर चढेना. 'जागा नाही' एवढेच उत्तर. मुदतीला दोन दिवस उरले होते.

शोधता शोधता नोंदींची, म्हणजे लॉगची, एक फाईल बेसुमार फुगलेली सापडली. ती आम्ही पुसली. जागा मात्र तसूभरही सुटली नाही! आता जुने दावे पुसावेत, असे मनात आले होते. थांबलो, हे नशीब.

फाईल आणि फाईलचे नाव या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कारखान्यात कामगाराला बिल्ला नंबर असतो, तसा प्रत्येक फाईलला 'आयनोड' असतो. मालक कोण, परवानगी कोणाला, आकार किती, मजकूर डिस्कवर कोठे, हे सर्व त्यात असते. नाव तेवढे नसते. नाव असते डिरेक्टरीत, नंबराशेजारी. तो झाला हजेरीपट. 1969 साली बेल लॅबोरेटरीत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सचे काम आरंभिले, तेथून ही रीत आली.

'आरएम' हा हुकूम केवळ नाव खोडतो. शेवटचे नाव गेले आणि कोणताही चालू प्रोग्रॅम ती फाईल उघडून बसलेला नसला, तरच जागा मोकळी होते. हजेरीपटावरून नाव खोडले म्हणून मशीनवरचा माणूस उठत नाही, हे निदान आम्हांला तरी कळावयास हवे होते!

म्हणूनच 'डीयू' आणि 'डीएफ' यांचे आकडे जुळत नव्हते. डीयू नावे फिरून बेरीज करतो. डीएफ किती जागा खरोखर अडली ते सांगतो. 'एलएसओएफ'ने धरून बसलेला प्रोग्रॅम दाखविला. तो बंद करून पुन्हा चालू केला, जागा सुटली, दावा त्याच दिवशी गेला.

कधी डीएफ भरपूर जागा दाखवितो, तरी नवी फाईल होत नाही. ईएक्सटी4 मध्ये आयनोडांची संख्या डिस्क तयार करतानाच ठरते. लाखो बारीक फायलींनी ते संपतात. डीएफला 'आय' ही खूण जोडली की तेही दिसते.

लॉग चालू असेल तर तो पुसू नये, 'ट्रंकेट'ने रिकामा करावा. नाव तेच, नंबर तोच, जागा मात्र तत्काळ सुटते.