बेस इमेजची निवड आणि मराठी वर्णक्रम

कोश, ग्रंथसूची वा हस्तलिखितांची यादी संगणकावर ठेवावयाची झाल्यास ती आज बहुधा कंटेनरमध्ये, म्हणजे आज्ञावली आणि तिची सर्व सामग्री एकत्र बांधलेल्या गाठोड्यात, ठेवली जाते. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने ही पद्धत रूढ केली. गाठोडे ज्या पायावर बांधावयाचे ती बेस इमेज. अल्पाइन लिनक्सची बेस इमेज १० एमबीहूनही लहान असते. डेबियनची ‘स्लिम’ म्हणविली जाणारी इमेजही तिच्या कित्येक पट भरते. साहजिकच निवड अल्पाइनकडे झुकते.

परंतु हे हलकेपण कोठून आले, हे पाहणे अगत्याचे आहे. त्याचे एक प्रमुख कारण असे की, डेबियनमधील जीलिबसी या मूलभूत ग्रंथालयाच्या जागी अल्पाइनने २०१४ पासून मसल हे आटोपशीर ग्रंथालय घेतले. जीलिबसीसाठी सिद्ध केलेल्या तयार आज्ञावली त्यामुळे अल्पाइनवर पुष्कळदा चालत नाहीत. हा दोष त्यातल्या त्यात बरा, कारण तो लगेच दिसतो.

वर्णक्रमाचा दोष दिसत नाही. भाषावार क्रमनियम मसलमध्ये नाहीत. शब्दांची तुलना केवळ संकेतांकांनुसार होते. मराठीचे स्थानिक नियम मागितले तरी मसल ते नाव निमूटपणे स्वीकारते, तक्रार करीत नाही. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’नंतर आणि ‘व’पूर्वी येतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर. परिणामी ‘काळ’ हा शब्द ‘कावळा’, ‘काशी’ आणि ‘काहूर’ या तिन्हींच्या आधी जाऊन बसतो. ‘क्ष’ कोठे घालावा हा संपादकाच्या विवेकाचा प्रश्न. येथे तो विवेक न विचारताच यंत्राकडे जातो आणि ‘क्ष’ ‘क’च्या पोटात पडतो.

याहून गंभीर प्रसंग पाया बदलताना येतो. पोस्टग्रेस या विदागाराची शब्दसूची तेथील ग्रंथालयाच्या क्रमाने रचलेली असते. तीच विदा अल्पाइनवरून उचलून डेबियनवर ठेवली की सूचीचा क्रम आणि शोधाचा क्रम यांत फारकत होते. नोंद असूनही ती सापडत नाही. सूची नव्याने बांधणे हाच त्यावर उपाय. खुद्द जीलिबसीच्या २०१८ मधील २.२८ या आवृत्तीनेही क्रमनियम बदलल्याने हेच संकट ओढविले होते. म्हणजे जड पाया घेतला की निश्चिंती, असेही नाही.

आयसीयू या युनिकोड ग्रंथालयाचा आधार पोस्टग्रेसला २०१७ पासून आहे, आणि त्याने क्रम मूलभूत ग्रंथालयावर अवलंबून राहत नाही. मात्र अल्पाइनच्या ३.१६ या २०२२ मधील आवृत्तीपासून आयसीयूसोबत आपोआप येते ती केवळ इंग्रजीची सामग्री. मराठीसह उर्वरित भाषांची सामग्री स्वतंत्रपणे मागवावी लागते, आणि तिचा भार मूळ बेस इमेजपेक्षाही अधिक भरतो.